पगारपावती आणि पॉलिसी

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी मेडिक्लेमच्या काउंटरवर काम करते. रुग्ण दाखल झाला की नातेवाईक पॉलिसी, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. रिपोर्ट जोडून मी पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवते. विमा कंपनीकडून प्रश्न येतात, त्यांची उत्तरं डॉक्टरांकडून लिहून घेते. शेवटी मंजुरी येते किंवा नकार येतो, आणि जे काही आलं ते नातेवाइकांना मलाच सांगावं लागतं.

माझं माहेर शिंदखेड्याकडचं, सासर शिरपूर तालुक्यातलं, संसार मात्र लग्नापासून इथेच. काउंटरवर अहिराणी बोलणारी बाई बसते हे एकदा वस्तीत कळलं, तेव्हापासून घरात कुणी आजारी नसतानाही माणसं विचारायला येतात. बमरोली रोडवरून, वडोदमधून, भेस्तानहून येतात, बहुतेक रविवारी किंवा पाळी सुटल्यावर. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, एजंट महिनाना बाराशे सांगस. लेवानी का नही?"

हे बाराशे कुणाच्या घरातून जाणार आहेत, ते आधी पाहावं लागतं. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर या तापी लाइनच्या स्टेशनांवरून उधन्याला उतरलेली आमची माणसं इथल्या डाइंग-प्रिंटिंग मिलांमध्ये आणि लूमच्या कारखान्यांत कामाला लागली. कुणी जेट मशीनवर असतो, कुणी स्टेंटरवर, कुणी फोल्डिंगमध्ये. पाळी बारा तासांची. लूमवाल्याला मीटरवर मजुरी, म्हणजे वीज गेली किंवा सूत आलं नाही की मजुरीही नाही. पंधरा हजारांतून खोलीचं भाडं, गावाकडे आईवडिलांना पाठवायचे पैसे आणि पोरांची फी गेल्यावर उरतं काय? अशा घरात बाराशे म्हणजे पोरांचं दूध, नाहीतर भिशीचा हप्ता. म्हणून 'आरोग्य महत्त्वाचं आहे, घेऊन टाका' असं सहज सांगणाऱ्यांचा मला राग येतो. तसं सांगणाऱ्याला त्या घरातलं काहीच सोडावं लागत नाही.

मी पॉलिसीचं पत्रक बाजूला ठेवते आणि पगाराची पावती मागते.

पुष्कळांना हे विचित्र वाटतं. पण दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यात महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येक कामगाराचा विमा कायद्यानेच उतरवलेला असायला हवा. 1948 च्या कायद्यातून आलेली ही कर्मचारी राज्य विमा योजना. सगळे तिला ईएसआय म्हणतात. जुलै 2019 पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. पंधरा हजारांच्या पगारावर कामगाराचे 113 रुपये आणि मालकाचे 488. एवढ्यात तो स्वतः, बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांचा उपचार येतो. आधीपासून साखर आहे का, रक्तदाब आहे का, असं कुणी विचारत नाही. वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही. बाराशेच्या पॉलिसीत यातलं काय मिळतं, ते त्यानंतर बघायचं.

एका स्टेंटरवाल्याची बायको माझ्याकडे आली होती. त्याचा खोकला महिनाभर जात नव्हता, वजन उतरलं होतं, एक्स-रेत डाग दिसला होता. एजंटने तिला घाईने पॉलिसी काढायला सांगितलं होतं. मी पावती मागितली. तिच्या फोनमध्ये सुपरवायझरने पाठवलेला फोटो होता. त्यात कपातीच्या रकान्यात ईएसआयचा आकडा आणि खाली दहा आकडी विमा क्रमांक होता. ती कपात पीएफचीच असेल असं घरात सगळे इतकी वर्षं धरून चालले होते. निदान क्षयाचं झालं. क्षयाची औषधं सरकारी कार्यक्रमातून तशीही मोफत मिळतात. घर मोडलं असतं ते मजुरी बंद पडल्यामुळे. ईएसआयमध्ये साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग अशा ठरलेल्या लांबणाऱ्या आजारांत, नोकरीची दोन वर्षं पुरी झालेली असतील तर, 80 टक्के, आणि तीही पुढे दोन वर्षांपर्यंत. त्या माणसाची बारा वर्षं एकाच मिलमध्ये झाली होती. त्याचे पैसे सुरू व्हायला हेलपाटे पडले, पण सुरू झाले. एजंटची पॉलिसी त्या आठवड्यात काढली असती, तरी या आजारासाठी तिच्यातून त्याला काही मिळालं नसतं. मजुरी तर कोणतीच मेडिक्लेम देत नाही. 'हॉस्पिटल कॅश' जोडून घेतली तर दाखल असलेल्या दिवसांपुरते थोडे पैसे मिळतात, घरी पडून राहिलेल्या महिन्यांचे मिळत नाहीत.

मजुराच्या घरी आजारपण आलं की खरा मार याच दुसऱ्या बाजूने बसतो. रुग्णालयाचं बिल एकदाच येतं. बुडालेली मजुरी, शुश्रूषेला थांबलेल्या बायकोचं सुटलेलं साडीला स्टोन लावायचं काम, गावाहून आलेल्या माणसांचा खर्च, हे महिनोन् महिने चालतं. पॉलिसी विकणाऱ्याच्या पत्रकात त्याचा उल्लेख नसतो, कारण त्याच्या मालात ते येतच नाही.

ज्यांच्याकडे पावतीच नाही त्यांना काय सांगायचं, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग. पांडेसऱ्यात खूप माणसं ठेकेदाराच्या हाताखाली रोखीने काम करतात. मस्टरवर नाव नसतं, किंवा असतं ते अर्ध्या पगारावर. कायद्याप्रमाणे ठेकेदाराच्या माणसांच्या वर्गणीचीही पहिली जबाबदारी मुख्य मालकाची आहे. हे मी सांगते. त्यावर समोरचा माणूस म्हणतो, "ताई, मी बोललो तर उद्या गेटवर घेणार नाहीत." याला माझ्याकडे उत्तर नाही. चार-पाच जणांनी मिळून मागितलं तर मिळतं, एकट्याने मागितलं तर काम जातं, हे मी इथे दोन्ही पाहिलंय. पण खासगी पॉलिसीच्या बाराशेंचा हिशोब करणाऱ्याने एवढं तरी ध्यानात घ्यावं, की जे ओझं कायद्याने मालकाचं आहे ते उचलण्यासाठी आपण खिशात हात घालतोय.

पावतीनंतर मी रेशनकार्ड मागते. खानदेशातल्या माणसांची इथेच मोठी अडचण होते. गुजरातच्या सरकारी आरोग्य कार्डावर, ज्याला इथे अजून 'मा कार्ड' म्हणतात, जुलै 2023 पासून कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंत उपचार मिळतात. उत्पन्नाची मर्यादा चार लाख, म्हणजे मिलमधला जवळजवळ प्रत्येक कामगार त्यात बसतो. पण कार्ड काढायला इथलं रेशनकार्ड आणि इथला उत्पन्नाचा दाखला लागतो. आमच्या माणसांचं नाव वीस-वीस वर्षं गावच्या कार्डावरच असतं. तिथे म्हाताऱ्यांचं धान्य आहे, थोडी जमीन आहे, मतदान आहे, पोरांचे जातीचे दाखले आहेत. महाराष्ट्रात त्या गावच्या कार्डावर महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना लागू होते, 2023 च्या निर्णयानंतर पाच लाखांपर्यंत. ती सुरतेत चालत नाही. केंद्राच्या आयुष्मान यादीत नाव असेल तर ते कार्ड दोन्हीकडे चालतं. नसेल तर माणूस दोन राज्यांच्या मधे राहतो.

म्हणून जे ऑपरेशन थांबू शकतं, गर्भपिशवीचं, हर्नियाचं, त्या रुग्णाला मी स्वतःच सांगते की उधन्याहून रात्रीची गाडी धरा, धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, नंदुरबारला चौकशी करा, गावच्या कार्डावर होऊन जाईल. माझ्या रुग्णालयाचा एक रुग्ण कमी होतो, पण मला रोज याच गल्ल्यांतून घरी जायचं असतं. अपघात, हार्ट अटॅक, डेंग्यूत घसरलेल्या प्लेटलेट अशा वेळी मात्र धुळं कामाचं नाही. तेव्हा मजुरा गेटची नवी सिव्हिल किंवा महापालिकेचं स्मीमेर. जुनी माणसं सिव्हिलबद्दल आदराने बोलतात. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेग आला तेव्हा खासगी डॉक्टरांपैकी पुष्कळजण शहर सोडून गेले होते, आणि सिव्हिल चालू होती. खाटा अपुऱ्या आहेत, रांगा आहेत, एका रुग्णामागे दोन नातेवाईक अडकतात. तरीही ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याला दार उघडं आहे.

हे सगळं तपासून झाल्यावर खासगी पॉलिसीकडे वळायचं. ती कुचकामी आहे असं मी कधीच म्हणत नाही. तिने वाचवलेली घरं मी पाहिली आहेत. ग्रे कापडाच्या फेऱ्या मारणारा एक टेम्पोवाला, स्वतःचाच मालक, म्हणजे ईएसआय नाही, आणि उत्पन्न कार्डाच्या मर्यादेपलीकडचं. त्याने पाच लाखांची पॉलिसी सात वर्षं न चुकता चालू ठेवली होती. फॉर्म भरताना साखर आहे हे लिहिलं होतं, त्यामुळे हप्ता थोडा चढा लागला होता. आठव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, बिल दोन लाखांच्या पुढे गेलं. पूर्वमंजुरी तासाभरात आली. किरकोळ वस्तूंचे काही हजार सोडले तर त्याला खिशातून काही द्यावं लागलं नाही, आणि टेम्पो विकावा लागला नाही.

त्याच काउंटरवर सव्वीस वर्षांचा एक जेट मशीनवाला पोरगाही उभा होता. मिलमधल्या त्या उष्णतेत पाणी कमी पडतं, आणि मुतखड्याचे रुग्ण आमच्याकडे सतत येतात. त्याने फोनवरून पॉलिसी घेतली होती, मासिक हप्ता, सात महिने भरलेला. खड्याचं ऑपरेशन करायचं होतं. उत्तर आलं, पहिली दोन वर्षं या आजारासाठी पैसे मिळणार नाहीत. मुतखडा, पित्ताशयातले खडे, हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू, गर्भपिशवी यांना बहुतेक पॉलिसींत अशी वाट पाहावी लागते. कागदावर ते छापलेलं होतं, पण कुणी त्याला वाचून दाखवलं नव्हतं. "मग इतके महिने पैसे कशाचे घेतले?" असं त्याने मला विचारलं. माझ्याशी भांडला नाही, नुसतंच विचारलं. ऑपरेशन शेवटी सिव्हिलला झालं. पोराने पॉलिसी बंद करून टाकली. बंद करू नकोस, आणखी दीड वर्ष काढ, असं मी सांगून पाहिलं, पण त्या दिवशी त्याला ते कसं पटणार?

म्हणून आता कुणी घ्यायचं ठरवलंच, तर मी त्याला बसवून चार गोष्टी समजावते, आणि त्याला वेळ देते. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायची मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत होती, 2024 पासून ती जास्तीत जास्त तीन वर्षं झाली. पाच वर्षं पॉलिसी सलग चालली की 'तुम्ही आजार लपवला होता' या कारणावर कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. तरीही फॉर्ममध्ये काही लपवू नका असं मी हात जोडून सांगते. एजंट म्हणतो, 'साखर लिहू नका, हप्ता वाढेल.' पुढे डॉक्टरांच्या केसपेपरवर 'सहा वर्षांपासून मधुमेह' असं लिहिलेलं असतं, तो कागद मलाच अर्जाला जोडावा लागतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत दावा पडतो.

खोलीच्या भाड्याचंही तसंच. तीन लाखांच्या पॉलिसीत एक टक्क्याची मर्यादा असेल तर दिवसाला तीन हजारांची खोली बसते. नातेवाईक मायेपोटी पाच हजारांची घेतात, आणि त्यांना वाटतं की वरचे दोन हजारच आपल्याला पडतील. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, शंभरातले साठच मिळतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांना ही कात्री लावता येत नाही, असा नियम आहे. तो माहीत असल्यामुळे मी दोन-तीनदा कापलेले पैसे परत मिळवून दिले आहेत. दाखल करतानाच खोलीचा हा हिशोब सांगितला तर तशी वेळच येत नाही.

पांडेसऱ्यात लोकांचा सगळ्यात जास्त पैसा जातो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. पावसाळ्यात ताप आला की सुई, बाटली, पाच दिवसांच्या गोळ्या. घरात चार माणसं आळीपाळीने पडतात. चोवीस तास दाखल न होता केलेला हा खर्च साध्या पॉलिसीत बसतच नाही. एजंट येतो तेव्हा घरातल्या बाईच्या मनात हाच खर्च असतो, आणि तो सुटेल असं समजून ती हो म्हणते. हे तिला त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवं.

मासिक हप्त्याबद्दल माझं मत पक्कं आहे. आमच्या लोकांची कमाई बारा महिने सारखी नसते. दिवाळीत मिल बंद होतात, माणसं गावी जातात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईत पुन्हा महिना-दीड महिना गावी. त्या महिन्यांत खात्यात पैसे नसतात आणि हप्ता परत जातो. मासिक हप्त्याला सवलतीचे फक्त पंधरा दिवस, वार्षिकाला तीस. ते टळले की पॉलिसी तुटते, आणि वाट पाहण्याची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. जमत असेल तर दिवाळीच्या बोनसमधून वर्षाचं एकदाच भरावं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही गेला आहे, तेवढा भार हलका झाला. ज्यांना हेही जमत नाही त्यांना मी निदान बँकेतून वर्षाला 20 रुपयांचा सुरक्षा विमा सुरू करायला लावते. तो उपचाराला उपयोगी नाही, पण अपघातात हातपाय गेले किंवा माणूस गेला तर दोन लाखांपर्यंत मिळतात.

आईवडिलांना मुलाच्या पॉलिसीत घालायचा आग्रह बायकाच जास्त धरतात, सुनासुद्धा. एकत्र पॉलिसीचा हप्ता सर्वांत मोठ्या वयाच्या माणसावर ठरतो, आणि म्हातारा आत आला की बाराशेचे साडेतीन हजार होतात. वय सत्तर किंवा त्याहून जास्त असेल तर ऑक्टोबर 2024 पासून केंद्राचं वय वंदना कार्ड आधारवर निघतं, उत्पन्न कितीही असो. आधी ते काढा, मग उरलेल्या घराचा विचार करा, असं मी सांगते. दावा चुकीचा नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे अर्ज करावा. वकील लागत नाही, फी नाही. तिथवर जाणारे थोडेच, पण मार्ग आहे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्याच गल्लीतले एक कलर मास्तर आले. पगार एकोणीस हजारांवरून तेवीस हजार झाला होता. ऑफिसमधून त्यांना सांगितलं होतं की आता ईएसआय बंद होईल, म्हणून बायको काळजीत होती. मी त्यांना हिशोब मांडून दाखवला. पगार मधेच वाढला तरी ऑक्टोबर ते मार्च हा वर्गणीचा काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि त्या वर्गणीवरचे लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत मिळतात. म्हणजे हातात पूर्ण वर्ष आहे. पॉलिसी तो डिसेंबर उजाडल्यावर घेतली तर दोन वर्षांची वाट तिथून सुरू होणार. आत्ता घेतली तर त्यातलं पहिलं वर्ष ईएसआयच्या छत्राखाली निघून जातं. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती, वहिनींना काही नव्हतं. मुलं दोन. पाच लाखांची, खोलीच्या भाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी आम्ही दोघांनी मिळून निवडली, गोळीचं नाव आणि ती कधीपासून चालू आहे ते फॉर्मवर लिहिलं, वर्षाचे पैसे बोनसमधून भरले. दोंडाईच्याच्या त्यांच्या आईचं वय एकाहत्तर, तिचं कार्ड गावी जाऊन काढायचं ठरलं. जाताना मास्तरांनी विचारलं, त्यांच्या हाताखालच्या सहा हेल्परांच्या पावत्या आणल्या तर मी पाहीन का. पुढच्या रविवारी त्यांनी तीन आणल्या. उरलेल्या तिघांना पावती मिळतच नव्हती.